चुलीतली राख आणि चुलीतला वारा

'राख' आणि 'राखणे' हे दोन शब्द मराठीत शेजारी शेजारी नांदतात, ते उगीच नव्हे. दोन्हींचे मूळ संस्कृतातील 'रक्ष्' या धातूकडे जाते. म्हणूनच अंत्यविधीनंतरच्या कार्याला आपण 'रक्षाविसर्जन' म्हणतो. काड्याची पेटी ही जपून वापरण्याची वस्तू होती, त्या काळी रात्रीचे जेवणखाण आटोपले की घरातील बाई चुलीतले दोन-चार चांगले निखारे राखेखाली पुरून ठेवी. पहाटे राख बाजूस सारावी, वाळल्या काटक्या ठेवाव्या आणि फुंकणीने चार फुंकरा घालाव्या, की विस्तव पुन्हा जागा होई. ज्या घरी तो विझे, त्या घरची पोर खापरीचा तुकडा घेऊन शेजारी विस्तव मागायला जाई. राखेने विस्तव विझतो असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः राखेच्या थराने निखाऱ्याची ऊब बाहेर जात नाही आणि वाराही अगदी बेताचा आत शिरतो. निखारा रात्रभर जिवंत राहतो तो त्यामुळे.

दर वर्षी आपल्या स्मरणिकेत पाककृती येतात आणि त्या आवडीने वाचल्या जातात. परंतु ज्या विस्तवावर हे सारे शिजले, त्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकविला, तेव्हा लढाया आणि तह यांतच तास संपत असे. निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली आणि चूल हाच विषय मनात घर करून बसला. त्यातले थोडे भगिनींपुढे ठेवते.

आपल्या महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर फार मागे जाता येते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव म्हणून गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे सुमारे बारा-पंधरा वर्षे तेथे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांहून जुनी शेतकरी वस्ती उजेडात आणली. तिला अभ्यासक जोर्वे संस्कृती म्हणतात. कुडाच्या भिंतींची ती घरे, आणि घराच्या आत लांबट गोल खड्ड्यासारखी चूल. त्या खड्ड्याचे काठ उंच केलेले आढळले, ते विस्तव काबूत राहावा म्हणून. मला या उंच काठांचे मोठे अप्रूप वाटते. तीन दगड मांडून त्यांत जाळ केला, तर वारा चोहोकडून घुसतो, ज्वाळा भांड्याला सोडून भलतीकडे झुकते आणि निम्मे सरपण वाऱ्यावर जाते. हे ओळखून कोणीतरी काठ उचलले. ते कोणी उचलले याची नोंद मिळणे शक्य नाही. परंतु रोज जिच्या डोळ्यांत धूर जात होता तिनेच ते केले असावे, असा माझा तर्क आहे.

पुढे आपल्या घराघरांतून जी चूल रूढ झाली, तीत हेच तत्त्व अधिक सफाईने आले. तीन बाजू बंद आणि पुढे तोंड. शेजारी वैल. चुलीतल्या जाळाची उरलेली धग मधल्या भोकातून वैलाखाली जाई आणि तिथे आमटी नाहीतर दूध निवांत तापत राही; वैलासाठी वेगळे लाकूड लागत नसे. मागे भानवसाची जागा. भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना उभी लावली की टम्म फुगे. म्हणजे एका जाळावर तीन कामे. चूल मातीचीच असली तरी ती अडाणीपणाने घातलेली नसे, हे मी आग्रहाने सांगेन.

तिची राखही हिशेबाने ठेवलेली असे. माझी आई सकाळी चुलीतली राख काढी, पण सारी कधीच काढीत नसे. दोन बोटांचा थर तळाला राहू देई. 'सगळी काढलीस तर जमीन जाळ खाते,' असे ती मला म्हणे. याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी नीट कळला. उघड्या ओल्या जमिनीवर निखारे ठेवले तर त्यांची उष्णता जमिनीत जाते. राखेचा थर ती अडवतो. उलट राख साचत साचत तोंडाशी आली तर लाकडाखाली वाऱ्याला वाट उरत नाही आणि चूल नुसती धुमसते. दोन बोटे आणि चार बोटे यांत एवढा फरक! काढलेली राखही वाया जात नसे. भांडी घासायला ती, बियाण्याला किडीपासून जपण्यासाठी चोळायला ती, भाजीच्या वेलांच्या बुडाशी टाकायला ती. लाकडाच्या राखेत क्षार असतो आणि तो तेलकटपणा काढतो, हे शास्त्र नंतर कळले. आमच्या हातांना ते आधीच ठाऊक होते.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. ते कठीण नाही. लाकूड जसेच्या तसे जळत नाही. ते तापले की त्यातून वायू निघतात आणि ते वायू पेटतात, हीच ज्वाळा. वाळल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अशा रीतीने वायूरूपाने जातो. मागे उरतो तो कोळसा, म्हणजे आपला निखारा, आणि तोही जळून गेल्यावर राख. चांगल्या लाकडाची राख फार थोडी, शंभराला एक भाग किंवा त्याहूनही कमी. गोवरीची मात्र पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक राख होते. म्हणून गोवऱ्यांची चूल वारंवार उपसावी लागते. आता निखाऱ्याला वारा हवा खालून, आणि वायूंना हवा वरून, तोही तापलेला. खालून फार सोडला तर लाकूड भडकून लवकर संपते. वरून मिळाला नाही, किंवा थंडगार मिळाला, तर वायू न जळताच निघून जातात. तोच धूर. धूर म्हणजे पैसे देऊन आणलेले, न जळलेले सरपण होय. आणि ते छपरातून निघण्याआधी आपल्या छातीतून जाते.

जळण्याला हवेतला एक विशिष्ट भाग लागतो, हे फ्रान्सच्या लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले. या कामी त्याची पत्नी मारी-आन हिचा वाटा मोठा. नवऱ्याला इंग्रजी येत नसे म्हणून तिने इंग्रजी शास्त्रग्रंथांची भाषांतरे करून दिली, आणि १७८९ साली निघालेल्या त्याच्या सुप्रसिद्ध ग्रंथातील उपकरणांची चित्रे तिनेच काढली. १७९४ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. पुढे या विधवा बाईंनी दुसरे लग्न केले ते कोणाशी? चुलींच्या इतिहासात ज्याचे नाव टाळताच येत नाही, त्या काउंट रम्फर्डशी.

रम्फर्डचे मूळ नाव बेंजामिन टॉम्सन. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात १७५३ साली त्याचा जन्म झाला आणि तो नशीब काढायला युरोपात गेला. बव्हेरियाच्या इलेक्टरच्या पदरी असताना त्याने म्यूनिक शहरातील भिकाऱ्यांसाठी १७९० साली उद्योगगृह उघडले आणि तेथे हजारावर माणसांचा स्वयंपाक होऊ लागला. एवढ्या मोठ्या स्वयंपाकाला लाकूड किती लागते याचा त्याने हिशेब ठेवला. त्या काळी युरोपातल्या स्वयंपाकघरांत उघड्या विटकामावर मोठा जाळ करीत. स्वयंपाकीण भाजून निघे आणि भांडे कोमट राही. रम्फर्डने प्रत्येक भांड्याखाली लहान बंद चूल केली, विस्तव लोखंडी जाळीवर ठेवला, जाळीखाली राखेचा कप्पा दिला आणि त्या कप्प्याच्या दाराला वारा कमी-अधिक करण्याची सरकती सोय केली. धुराड्यातही झडप घातली. राख खाली पडावी, वारा तेथूनच वर यावा आणि दोहोंवर एकाच दाराचा ताबा असावा, ही ती युक्ती. आजही लाकडाची कोणतीही चांगली भट्टी पाहा, तिचे पोट असेच असते.

या दोघांचा संसार मात्र सुखाचा झाला नाही. रम्फर्डने आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रांत अशी तक्रार आहे की, त्याने बाईंच्या पाहुण्यांना फाटक बंद केले, तेव्हा बाईंनी त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. ते पाणी कोणत्या चुलीवर तापविले होते, हे त्याने लिहिलेले नाही.

आपल्याकडे जाळी आणि राखेचा कप्पा घरोघर आला तो बंबाच्या रूपाने. पुण्याच्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याची भांडी घडविणारे कारागीर राहतात. तेथील बंब दूरदूर जात. ज्यांनी बंब वापरला आहे त्यांना सांगणे नलगे, पण तरुण मुलींसाठी सांगते: मधे नळकांडे, त्याभोवती पाणी, तळाला जाळी, आणि खाली राख पडण्याची जागा. वरून ढलप्या, करवंट्या, चिपाडे टाकायची. नळकांडे तापले की आतली हवा हलकी होऊन वर धावते आणि खालून नवी हवा आपोआप ओढली जाते. फुंकणीची गरजच नाही. मात्र खालची राख काढलेली पाहिजे. ती जाळीला भिडली की वारा कोंडतो, घर धुराने भरते आणि जाळीला खालून गार हवा न मिळाल्याने ती तापून वाकडी होते. आमच्या घरी तीन जाळ्या अशा वाकल्या. बंबात जाळ घालायला सारे पुरुष हौसेने पुढे येत. राख काढायला कोणी येत नसे.

दुसरे नमुनेदार साधन म्हणजे भुशाची शेगडी. वखारीतून लाकडाचा भुसा पोत्याने आणावयाचा. शेगडीच्या डब्यात मधोमध बाटली उभी करावयाची, खालच्या भोकातून एक दांडके बाटलीच्या बुडापर्यंत सारावयाचे आणि भोवती भुसा ठासून भरावयाचा. मग बाटली व दांडके हलक्या हाताने काढून घेतले की वाऱ्याची वाट तयार. खालून कागदाचा बोळा पेटविला, की आतल्या विहिरीच्या कडा जळू लागत आणि दोन-तीन तास हात न लावता एकसारखा जाळ मिळे. भुसा सैल ठासला तर मात्र मध्येच ढासळे आणि मग धूरच धूर. बायका हे काम मुलींच्या हाती सहसा देत नसत. रॉकेल महाग झाले की ही शेगडी माळ्यावरून खाली येई.

आता धुराविषयी. माझ्या आईला चाळिशीतच दम लागू लागला. तालुक्याच्या गावी दाखविले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'बाई, विडी ओढता का?' आई शरमेने गप्प बसली. तिने जन्मात विडीला हात लावला नव्हता. त्यापूर्वीच दिल्लीत एका स्त्री-डॉक्टरने याचा उलगडा करून ठेवला होता, हे मला कितीतरी वर्षांनी वाचावयास मिळाले. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी फुप्फुसांच्या विकाराने हृदयावर ताण आलेल्या रोग्यांची पाहणी करून १९५९ साली निबंध प्रसिद्ध केला. धूम्रपान करणारे बहुतेक पुरुष, पण रोग बायकांनाही तितकाच, आणि तोही लहान वयात. मग कारण काय? त्यांनी बोट दाखविले ते स्वयंपाकघरातल्या धुराकडे. पद्मावतीबाई २०२० साली, वयाची शंभरी ओलांडून वारल्या. त्याच २०२० सालासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे की, घरातल्या धुराने जगभरात ३२ लाख माणसे दगावली. आईला हा आकडा ठाऊक नव्हता, आणि तो वाढविणाऱ्यांत आपण आहोत हेही.

बिनधुराच्या चुलीचा आपल्या देशातला पहिला नावाजलेला प्रयत्न आपल्याच वर्ध्यात झाला. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला व त्याचे ठाणे मगनवाडीत होते. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला हे नाव. तेथे तयार झाली ती 'मगन चूल': मातीचीच, पण बंद वाटेची, एकापुढे एक भांडी ठेवण्याची आणि शेवटी धुराडे असलेली. पुढे हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी तीन भांड्यांची चूल बसविली, धुराड्यात सरकती झडप दिली आणि १९५३ साली त्यावर पुस्तकही लिहिले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील 'अस्त्र' या विभागाने 'अस्त्र ओले' काढली. ओले म्हणजे कानडीत चूल. तीत जाळी आणि राखेची जागा आवर्जून होती.

मग सरकारने हे काम हाती घेतले. १९८३ च्या अखेरीस राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. त्या काळात देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या गेल्या. त्यांतली एक माझ्या सासरी, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, १९८७ साली बसली. मिस्त्री सकाळी आला, दुपारी गेला. पहिले दोन महिने घरात धूर नव्हता. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला पांढरी भिंत दाखवीत. मग हळूहळू धुराड्यात काजळी साठली. ते साफ कसे करावे, कोणी करावे, त्याला काठी किती लांबीची लागते, हे मिस्त्रीने कोणालाच सांगितले नव्हते. आमचा तवा भोकाहून मोठा आणि पितळेचे पातेले लहान. भांड्याच्या कडेने धूर येऊ लागला. भाकरी निखाऱ्याला लावायला पुढे जागाच नाही. एके दिवशी सासूबाईंनी कोयत्याने तोंड रुंद केले. वारा बेसुमार शिरू लागला, लाकूड दुप्पट लागू लागले. दिवाळीपर्यंत ती चूल सामान ठेवण्याचा ओटा झाली आणि शेजारी जुनी चूल मांडली गेली. बायका अडाणी, त्यांनी चुलीचा नाश केला, असे तेव्हा पुष्कळजण म्हणत.

मला या गोष्टीचा विचार करताना पोतेरे आठवते. जुन्या चुलीला रोज पोतेरे फिरे. राख काढायची, चूल सारवायची, हळदकुंकू लावायचे, मगच विस्तव घालायचा. श्रावणातल्या शिळासप्तमीला कित्येक घरी चूल पेटवीतच नसत. आदल्या दिवशीचे अन्न खायचे आणि चुलीला विश्रांती. आम्ही याला सोवळे म्हणत आलो, देवधर्म म्हणत आलो. परंतु त्यात भेगा बुजत, राख निघे, वाऱ्याची वाट मोकळी होई. यंत्राची निगा म्हणतात ती हीच, आणि ती सासूकडून सुनेकडे न चुकता पोहोचे. नव्या चुलीच्या धुराड्याला असे व्रत कोणी लावून दिले नाही. चूल सुधारणारांनी लोखंड पाहिले, माती पाहिली, पोतेरे पाहिले नाही. त्यांचा हेतू थोर होता, यात शंका नाही. आणि जुन्या चुलीच्या गुणगानात तिचा धूर विसरणारांच्या पंक्तीलाही मी बसणार नाही. आईचा दम मी डोळ्यांनी पाहिला आहे.

हा केवळ माझा ग्रह नव्हे. ओरिसातील सुमारे २,६०० घरांत सुधारित चुली देऊन काही अर्थशास्त्रज्ञांनी त्या घरांवर चार वर्षे लक्ष ठेवले व २०१२ साली निष्कर्ष मांडला. पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला; पुढे तो फरक नाहीसा झाला. कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची निगाही राहिली नाही. या चार वर्षांचे वर्णन वाचताना मला आमच्या ओट्याचीच गोष्ट वाचतो आहोत असे वाटले.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस खेड्यापाड्यांत पोहोचला, हे मोठेच काम झाले. तरी आमच्या गावी आंघोळीचे पाणी, कार्याचा स्वयंपाक आणि महिनाअखेरची भाकरी यांसाठी सरपण लागतेच. या बाबतीत पुण्याच्या 'आरती' संस्थेचे काम सांगण्याजोगे आहे. इरावतीबाई कर्वे यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली ती स्थापन केली. शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटाला वारा जवळजवळ न देता तापवून त्याचा कोळसा करावयाचा आणि त्याच्या वड्या शेगडीत वापरावयाच्या, ही त्यांची पद्धत. तिला २००२ साली विलायतेतील अॅशडेन पारितोषिक मिळाले. वारा देऊन जाळ मिळतो तसा वारा रोखून कोळसा मिळतो. रात्री निखारा राखेत पुरणाऱ्या बाईला हे नवे वाटणार नाही. अलीकडे तळातून नव्हे तर वरून पेटवायच्या, खालचा व वरचा वारा वेगवेगळा देणाऱ्या चुलीही निघाल्या आहेत. अमेरिकेतील टॉमस रीड यांनी १९८५ च्या सुमारास तिचा पाया घातला. धूर खरोखरच थोडा होतो. पण जळत असताना मध्येच लाकूड सारावे, ही आपली सवय तिला मानवत नाही.

आता आपल्या अंगणातल्या भट्टीचे. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजविताना जाळ कमी-जास्त झाला की चीक तळाला लागतो, आणि ढवळणाऱ्या भगिनींचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल राहतात. भट्टीला जाळी नाही. विटांच्या तळावरच लाकडे रचतो, आणि राख दोन दिवसांत तोंडाशी येते. कार्यकारिणीच्या बैठकीत गॅसची मोठी शेगडी घ्यावी असे काहींचे मत पडले. परंतु शेजारच्या वखारीतून ढलप्या फुकट मिळतात आणि कुरडयांच्या विक्रीवरच आपला शिलाईवर्ग चालतो, तेव्हा तूर्त भट्टीच सुधारावी असे ठरले. लोहाराला जाडजूड पट्ट्यांची जाळी सांगितली आहे. ती तळापासून वीतभर उंच बसेल, खाली राखेला पत्र्याचे दार असेल आणि मागे धुराडे. धुराडे साफ करण्याची लांब काठी जाळीबरोबरच येणार आहे. भोकाचे माप आपल्या मोठ्या पातेल्यावरून, आणि चीक ढवळणाऱ्या तिघींना समोर उभे करून घेतले. राख काढण्याच्या पाळ्या आठवड्यावार लावल्या असून त्या कार्यालयातील फळ्यावर लिहिल्या आहेत. सोमवारची पाळी अजून रिकामी आहे.